नदी : डोंगरापासून चिबडापर्यंत
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही गिरणीत सूत काढणारी माणसे, भूगोलाचे मास्तर नव्हे. पण पुरात संसार डोक्यावर घेऊन निघालेल्या माणसाला नदी कशी वाहते हे वेगळे शिकवावे लागत नाही.

पंचगंगा म्हणतात, पण डोळ्यांना दिसतात चारच. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती. पाचवी सरस्वती, ती म्हणे गुप्त. आम्ही दिसतात तेवढ्याच मोजतो. या चौघी सह्याद्रीतून उतरतात आणि प्रयाग चिखलीपासून पुढे पंचगंगा होते. वर गगनबावड्याकडे वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, इकडे आपल्याकडे त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. म्हणजे दारात येतो तो पूर आपल्या पावसाचा नसतोच. आभाळ कोरडे आणि गल्लीत पाणी, हे आपण पाहिलेय.

वर उतार, पाणी धावते. कोल्हापूर सोडले की रुकडी, रुई, इचलकरंजी अशी वळणे घेत नदी सपाटीला येते नि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा तुडुंब असली की ती पंचगंगेला आत घेत नाही, दारातच थोपवून धरते. मग पाणी मागे पसरते, शिवारात बसून राहते. शिरोळकडची काळी जमीन उसाला बेसुमार पाणी पाजून आधीच चिबड झालेली. वर मीठ फुटते, पीक हाती लागत नाही. नदीकाठी पाणथळ असायचेच. हे मात्र माणसाने केलेले.

राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेले, २०२१ साली त्याहून वर. बऱ्याच गावांत जुनी वस्ती उंचवट्यावर आणि आपली ओढ्याकाठी. ती तिथे कुणी बसवली, हे या सभेला सांगायला नको.

पाणी उतरले तरी सुटका नाही. आम्ही काढलेल्या सुताला पुढे रंग लागतो, तो रंग, शहरांचे सांडपाणी, सगळे उन्हाळ्यातल्या थोड्या पाण्यात मिसळते. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसे गेली.

शाहू महाराजांनी राधानगरीला भोगावती अडवायचे काम काढले. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. दामोदर, महानदी या नद्यांचा विचार त्यांनी अख्ख्या खोऱ्याचा म्हणून केला. पूर, शेती, वीज एकत्र. आपल्याकडे धरणाचे खाते निराळे, पुराचे निराळे, घाण पाण्याचे तिसरेच. अर्ज घेऊन आम्ही तिन्ही दारे फिरलो आहोत.

तेव्हा येत्या रविवारी तरुणांनी चुन्याची बादली घेऊन यावे. दोन्ही पुरांचे पाणी कुठवर आले होते ते वस्तीतल्या म्हाताऱ्या बायका दाखवतील. घराघराच्या भिंतीवर खुणा मारू, त्या उंचीचा नकाशा काढू आणि तिन्ही खात्यांना एकाच दिवशी देऊ.