शाळेच्या उंबरठ्यावरील वैद्य



धार आणि देवास ही दोन्ही पवारांची संस्थाने. गायकवाडांच्या बडोदे शहरात १९०९ साली शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. हिंदुस्थानातील अशी ती पहिलीच, असे मानतात. परंतु १९४६ साली भोर समितीने देशाचा आढावा घेतला, तेव्हा शाळांतून आरोग्यसेवा जवळजवळ नाहीच, असे तिला आढळले.

तान्ह्या मुलाला आई कडेवर घेऊन दवाखाना गाठते. प्रौढ मनुष्य आपला आपण जातो. मध्ये राहतात ती तेरा-चौदा वर्षांची मुले. तिच्या पाळीची वेदना, त्याच्या मनातील धास्ती कोणास सांगावी? ‘स्वस्थ’ या संस्कृत शब्दाचा अर्थच मुळी स्वतःच्या ठायी स्थिर असलेला. आणि हे वय तर अस्थिरतेचे!

धारच्या भिल्ल वस्तीत सिकलसेलचा प्रश्न याहून बिकट आहे. रक्तातील हा दोष एकाच पालकाकडून आला तर मूल बहुधा निरोगी राहते, मात्र वाहक होते. दोन वाहकांचा विवाह झाला, की प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक. ही गोष्ट विवाहापूर्वी कळावयास हवी. आणि त्या वयाची मुले एकत्र सापडतात ती शाळेत, आश्रमशाळेत. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. १७ सप्टेंबर २०२५ रोजी धार जिल्ह्यातच मध्यप्रदेशातील एक कोटीवे तपासणीपत्र दिले गेले. पत्र हाती आले खरे; पण त्यातील मजकुराचा अर्थ मुलीला कोण समजावणार? ‘वाहक’ हा शब्द भर वर्गात उच्चारला गेला, तर तिच्या सोयरिकीचे काय होईल, हे सांगावयास नको.

२०१३ पासून फिरती पथके शाळांत येऊन रोग हुडकतात. हे काम मोठेच. परंतु पथक निघून गेल्यावर शंका उरते. २०२० च्या योजनेने प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांवर आरोग्यशिक्षणाचा भार टाकला. तथापि परीक्षेचे गुण देणाऱ्या गुरुजींपाशी मूल मन उघडे करीलच, असे नाही. अमेरिकेत डॅलस येथे १९७० साली शाळेतच दवाखाना उघडला गेला. अशा केंद्रांमुळे गरीब वस्त्यांतील मुलांच्या लसी वेळेवर होतात व तातडीने इस्पितळ गाठण्याचे प्रसंग घटतात, असे तेथील तज्ज्ञांच्या मंडळाने २०१५ साली मान्य केले.

येथे आरंभ आश्रमशाळांपासून व्हावा. तेथे मुले रात्रंदिवस राहतात. एक खोली, तिला पडदा, कागदपत्रांच्या कपाटास कुलूप, आणि ठरलेल्या वारी न चुकता येणारी परिचारिका, इतके पुरे. लोहाची निळी गोळी आठवड्याला मिळतेच. तिच्यासोबत एकांतात बोलण्यास पाच मिनिटेही मिळावीत.