कळफलक आपल्या हाताला वळवा
(शिक्षकेतर कर्मचाऱ्यांपुढे केलेले भाषण)



शाळेच्या कार्यालयात दिवसभर टंकलेखन कोण करतो, हे सर्वांना ठाऊक असते. त्याचा हात किती वेळा माऊसकडे जातो, हे मात्र कोणी पाहत नाही. दाखल्याचे शीर्षक, मग मराठी मजकूर, मध्येच उर्दू परिच्छेद. प्रत्येक वेळी कळफलक सोडून मेनू उघडावयाचा. वर्डमध्ये हा फेरा टाळण्याची सोय आहे, ती आज आपणांस सांगावयाची आहे.

'फाइल'मधील 'ऑप्शन्स' उघडा व 'कस्टमाइझ रिबन' निवडा. खिडकीच्या तळाशी 'कीबोर्ड शॉर्टकट्स' या शब्दांपुढे 'कस्टमाइझ' असे बटण आहे. बहुतेकांची नजर तेथवर पोचतच नाही. ते दाबले की डावीकडे वर्ग आणि उजवीकडे आज्ञा दिसतात. डावीकडील यादी अगदी शेवटपर्यंत खाली न्या. खरा ऐवज तेथे आहे. 'स्टाइल्स' आणि 'बिल्डिंग ब्लॉक्स' हे वर्ग तेथेच सापडतील. उर्दू परिच्छेदाची एक स्टाइल आधी करून ठेवा (उजवीकडून डावीकडे दिशा, नस्तालीक टंक, योग्य आकार) आणि तिला एक कळ द्या. दाखल्याचा ठरीव मजकूर बिल्डिंग ब्लॉक म्हणून साठवा, त्याला दुसरी द्या.

कळ ठरविताना ती नव्या शॉर्टकटच्या चौकटीत प्रत्यक्ष दाबावयाची असते. ती सध्या कोणत्या कामाला लावलेली आहे, हे लगेच खाली लिहून येते. ते वाचल्यावाचून 'असाइन' दाबू नका. कंट्रोल-के हायपरलिंकसाठी आहे. दाखल्यांच्या टेबलावर ती खुशाल घ्या. पण कंट्रोल-एस, कंट्रोल-झेड यांना हात लावू नये. उद्या आपल्या खुर्चीवर बसणारा माणूस सवयीने त्याच दाबणार. आणखी एक अडचण खास आपली आहे. काही कळमांडण्यांत विशेष अक्षरे उजव्या आल्टने उमटतात, आणि विंडोज त्याला कंट्रोल व आल्ट एकत्र दाबल्यासारखेच समजते. तेव्हा कंट्रोल-आल्टची जोडी घेतलीत, तर एखादे अक्षर उमटेनासे होईल.

सुट्या अक्षरालाही कळ देता येते. 'इन्सर्ट', 'सिम्बॉल', 'मोअर सिम्बॉल्स' असे जाऊन अक्षर निवडावे व 'शॉर्टकट की' दाबावी. इनस्क्रिप्टमध्ये 'ऱ' शिफ्ट-जे वर आहेच. ज्यांच्या मांडणीत तो सापडत नाही त्यांनी हे अवश्य करावे. 'दऱ्या' लिहावयाचे आणि 'दर्या' उमटावयाचे, म्हणजे दरीच्या जागी समुद्र! हा विनोद झाला; पण कऱ्हाड किंवा गोऱ्हे हे नाव दाखल्यावर चुकले, तर दुरुस्तीसाठी पालकाला किती खेटे घालावे लागतात, हे आपण जाणताच.

या कळा कोठे साठतात, तेही पाहावे. वर्ड त्या सहसा 'नॉर्मल' या साच्यात ठेवतो, आणि तो साचा त्या संगणकावर आपल्याच नावाने असतो. पत्रव्यवहाराबरोबर तो जात नाही; संगणक बदलला की कळाही गेल्या. म्हणून 'सेव्ह चेंजेस इन' येथे दाखल्याचा स्वतंत्र साचा निवडावा व त्याची प्रत जपावी. ज्या शाळांत विनामूल्य मिळणारे लिब्रेऑफिस आहे, तेथे काम अधिक सोपे: 'टूल्स', 'कस्टमाइझ', 'कीबोर्ड'. तेथील 'सेव्ह'ने सर्व कळांची एक फाइल होते, आणि दुसऱ्या संगणकावर ती 'लोड' करता येते. यादी मात्र कागदावर लिहून संगणकाशेजारी लावा. बदलीवर आलेल्या लिपिकाला ती पहिल्याच दिवशी लागते.