काळ्या कातळाच्या पोटांतील पाणी

आषाढ-श्रावणांत महाबळेश्वरच्या माथ्यावर पावसाची झड दिवसच्या दिवस थांबत नाहीं. वर्षाची सरासरी ५,००० मिलिमीटरांहून अधिक भरते. तरीहि त्याच सह्याद्रीच्या उतारावरील कित्येक वाड्यांतून वैशाखांत बायाबापड्यांना हंडाभर पाण्यासाठीं दरींत उतरावें लागतें. एवढें पाणी जातें तरी कोठें? याचें उत्तर आभाळांत नसून पायाखालच्या खडकांत आहे.

सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून लाव्हारस वाहूं लागला व त्याचे थर एकावर एक साचत गेले. महाराष्ट्राची सुमारें चारपंचमांश भूमि या काळ्या दगडाची, म्हणजे बसाल्टची, आहे. प्रत्येक थराचा मधला भाग बहुधा घट्ट असतो. भेगा असतील तेवढाच पाण्याचा शिरकाव. माथ्याकडचा भाग मात्र निवत्या रसांतील वायूच्या बुडबुड्यांनीं छिद्रमय झालेला असतो. हीं छिद्रें पुढें पांढऱ्या खनिजांनीं भरलीं, म्हणजे त्या दगडास विहीर खणणारे मांजऱ्या म्हणतात. तो झिजून मऊ झाला कीं त्यांत पाणी मुरतें. दोन थरांमधील लाल चिकण मातीचा पट्टा पाण्यास सहसा खालीं जाऊं देत नाहीं. अडलेलें पाणी आडवें सरकतें आणि डोंगराच्या कडेला झरा होऊन बाहेर पडतें.

खडकाइतकेंच महत्त्व भूमीच्या घडणीस आहे. तीव्र उतारावर मातीचा थर पातळ; पाणी मुरण्यापूर्वींच ओढ्याला मिळतें. खोऱ्याच्या तळाशीं मुरूम जाड असतो, म्हणून तेथील विहिरीस पाणी टिकतें. कोठें कोठें उभ्या भिंतीसारखा दगड थरांना छेदून गेलेला असतो. ती भिंत अभंग असेल, तर तिच्या वरच्या अंगाची विहीर भरलेली व खालची कोरडी. भेगाळ असेल, तर तीच पाण्याची वाट होते.

१९७२ च्या दुष्काळानंतर विंधन विहिरींचा प्रसार झाला, आणि जितकें खोल तितकें पाणी अधिक, ही समजूत रुजली. बसाल्टच्या प्रदेशांत ती फसवी आहे. येथील पाण्याचा मुख्य सांठा वरच्या झिजलेल्या थरांत असतो. खोलांत भेग सांपडली तर पाणी, न सांपडली तर धूळ. शिवाय खोल छिद्रांतून वरचें पाणी खालीं ओढलें जाऊन शेजाऱ्याची जुनी विहीर आटूं शकते. एकाचें सुख तें दुसऱ्याचें दुःख होतें.

उपायहि खडक पाहूनच योजावा लागतो. घट्ट कातळावर पाझर तलाव बांधला तर पाणी डोळ्यांना दिसेल, पण मुरणार नाहीं. उलट झऱ्याच्या वरच्या अंगास, जेथें छिद्रमय थर उघडा पडला आहे, तेथें आडवे चर खणले तर तोच झरा अधिक दिवस वाहूं शकतो. पुण्यासारख्या शहरांतील घरेंहि याच कातळावर उभीं आहेत. अंगणांत विंधन विहीर घेणाऱ्या गृहस्थानें, ती किती खोल जाईल याआधीं, तिच्यांत पाणी येणार कोठून व छपरावरचें पाणी मुरणार कोठें, हें विचारावें. खडकाच्या पेढींत ठेव न ठेवतां नुसती उचल करणाऱ्याचें खातें एक दिवस रितें होणारच.