घरची भाषा आणि बुद्धीची पारख

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी बोलण्याची मला आज्ञा झाली. मी केवळ मॅट्रिक. मानसशास्त्राचा पंडित नव्हे. परंतु सोलापूरच्या पूर्व भागात 36 वर्षे मुले शिकविली, त्या अनुभवाचे चार शब्द बोलतो. त्यांत एक कबुलीही आहे.

शिष्यवृत्तीच्या जादा तासांसाठी हुशार मुले निवडावयाची म्हणून मी एकदा लहानशी चाचणी घेतली. ‘सुई, दोरा, कात्री, पान यांतील न जुळणारा शब्द ओळखा’ असा त्यांत एक प्रश्न होता. उत्तर अर्थातच ‘पान’. एका मुलीने ‘सुई’ लिहिले. मी तांबडी फुली मारली. अशा तीनचार फुल्या झाल्या आणि तिचे नाव यादीतून गळाले.

पुढे काही महिन्यांनी पटनोंदणीच्या निमित्ताने तिच्या घरी जाणे झाले. आई विड्या वळीत बसली होती. पुढ्यात सूप, सुपात तंबाखू, कात्रीने बेतलेली तेंदूची पाने आणि दोऱ्याचे रीळ. माझ्या चित्तात काही लखकन चमकले. मी मुलीला त्या प्रश्नाची आठवण दिली. ती तेलुगूत उत्तरली, ‘आकु, दारम्, कत्तेर ही सारी आईजवळ असतात, सुई कुठे लागते?’

तिचा विचार चोख होता. आणि मी तरी परका का होतो? माझ्याही घरी तेलुगूच बोलतात. माझ्याही मातोश्रींनी विड्या वळूनच मला शिकविले. परंतु वर्गातील खुर्चीवर बसताच ते सूप मला दिसेनासे होई. अध्यापकवर्गात पाठाचे टाचण काढण्यास आम्हांस उत्तम शिकविले होते. मुलाच्या घरात डोकावण्यास कोणी सांगितले नव्हते. ती मुलगी सातवीनंतर शाळेत आली नाही.

बुद्धिमापनाचा आरंभ बिने व सिमाँ यांनी 1905 साली पॅरिसमध्ये केला, तो शाळेत मागे पडणारी मुले ओळखण्यासाठी. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती कसोटी धारवाडकडील मुलांसाठी कानडी व मराठी या दोन्ही भाषांत बेतली. त्यांचा ग्रंथ 1940 मध्ये निघाला. परदेशी प्रश्न जसेच्या तसे चालणार नाहीत हे त्यांनी त्या काळी ओळखले, हे केवढे मोठे! पुण्यात 1962 साली आप्पा पेंडसे यांनी बुद्धिमान मुलांसाठी ज्ञानप्रबोधिनी स्थापिली. आपल्या सोलापुरातही तिचे कार्य चालते. तथापि घरी तेलुगू, शाळेत मराठी, अशा आमच्या लेकरांच्या बुद्धीला केवळ मराठी प्रश्नपत्रिकेने मोजणे म्हणजे चादर फूटपट्टीने मापण्याऐवजी तराजूत घालणे होय.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष बुद्धीची मुले ओळखण्याचे शिक्षण अध्यापकांस मिळावे असे म्हटले आहे. कलम चांगले आहे. पण ओळखावयाचे कोठे? वर्गातच का? माझी सूचना अशी की, आपल्या शहरातील अध्यापक विद्यालयांच्या छात्रांनी आठवडाभर पूर्व भागातील घरे पाहावीत, मागावरच्या व सुपापुढच्या मुलांशी त्यांच्या भाषेत बोलावे. दुभाषे आपण पुरवू. नंतर त्यांनीच प्रश्न रचावेत आणि प्रत्येक ‘चुकीच्या’ उत्तराचे कारण मुलास विचारावे.

यासंबंधीच्या ठरावाचा मसुदा मी लिहून आणला आहे. तो अध्यक्षमहाराजांच्या स्वाधीन करतो आणि आपली रजा घेतो.