आपली चित्रकथा, आपली पात्रे

(वर्षावास समारोपानिमित्त विहारात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



रविवारच्या धम्मवर्गातील मुलांनी या तीन महिन्यांत एक छोटी चित्रकथा तयार केली. तिची पाने आज बाहेरच्या भिंतीवर लावली आहेत. ती कशी झाली हे सांगण्यासाठी संस्थेने मला उभे केले आहे. काही वडीलधाऱ्यांना वाटेल, विहारात चित्रकथेचे काय काम? चित्रकथा म्हणजे सुट्टीत पोरांनी लोळत वाचायची वस्तू. म्हणून थोडे मागून सुरुवात करतो.

चित्रांतून गोष्ट सांगणे ही आपल्या धम्माची फार जुनी रीत आहे. भारहुतच्या स्तूपावर जातककथा दगडात कोरल्या आणि कोणती कथा आहे ते शेजारी ब्राह्मी अक्षरांत लिहून ठेवले. आजच्या चित्रकथेत चित्राला मजकूर जोडतात, तशीच ही सोय. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात वेस्संतर राजपुत्राची कथा एकाच भिंतीवर पुढे सरकते. तोच माणूस पुन्हा पुन्हा दिसतो आणि आपण त्याला ओळखतो. सांचीच्या शिल्पकारांनी तर भगवान बुद्धांना मानवी रूपात दाखवलेच नाही. बोधिवृक्ष, रिकामे आसन, पाऊलखुणा एवढ्यावर त्यांनी काम केले. मानवी रूपातील मूर्ती गांधार आणि मथुरेत पुढे घडल्या. म्हणजे पात्र कसे दाखवावे याचा विचार आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या केला आणि वेळोवेळी बदललाही.

पात्र बदलण्याचे मोठे काम महात्मा फुले यांनी केले. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली. पुराणात वामन हा देवाचा अवतार आणि बळी हा पाताळात घालण्याच्या लायकीचा दैत्य. जोतीरावांनी तीच पात्रे घेतली आणि प्रश्न विचारला, की ही गोष्ट कोणी सांगितली? कोणाच्या सोयीसाठी सांगितली? त्यांच्या पुस्तकात बळी हा रयतेचा न्यायी राजा झाला आणि वामन कपटी ठरला. आपल्या आयाबायांच्या तोंडी बळीचे राज्य येवो हे मागणे होतेच. जोतीरावांनी त्याला पुस्तकात जागा दिली. याच ग्रंथावरून श्रीविद्या नटराजन आणि चित्रकार अपराजिता निनान यांनी २०११ साली इंग्रजीत चित्रकथा केली.

बाबासाहेबांच्या चित्रांचाही इतिहास आहे. त्यांच्या हयातीत वर्तमानपत्रांतून त्यांच्यावर व्यंगचित्रे येत. १९३२ ते १९४८ या काळातील अशी चित्रे उन्नमती श्याम सुंदर या चित्रकाराने गोळा करून २०१९ साली त्यांचे पुस्तक केले. एवढ्या विद्वान माणसाची किती टिंगल झाली, हे ती पाने चाळताना कळते. पुढे १९७९ साली अमर चित्र कथेने बाबासाहेबांवर अंक काढला आणि आमच्या पिढीतील पुष्कळांनी तो वाचला. २०११ साली 'भीमायन' आले. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम हे परधान गोंड कलाकार. त्यांनी पानावर चौकटी आखल्या नाहीत, कारण पात्रांना डब्यात कोंबणे त्यांना मान्य नव्हते. आगगाडी त्यांनी सापासारखी काढली. टोचून बोलणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी जोडली, आणि गोड बोलणाऱ्याच्या शब्दांना पक्ष्याचा आकार दिला. बालभीमाला गोरेगावच्या प्रवासात पाणी मिळत नाही, हा प्रसंग त्या पद्धतीने पाहिला की अंगावर काटा येतो.

आता आमच्या चित्रकथेकडे येतो. विषय कोल्हापूरचाच घेतला, गंगाराम कांबळे यांचा. ते राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत नोकर होते. सवर्णांच्या हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला सांगितले. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचे दुकान काढले, नाव 'सत्यसुधारक'. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोणी येईना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तेथे चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही द्यायला लावू लागले.

ही कथा तुम्हा सर्वांना पाठ आहे. पण ती काढायला बसलो तेव्हा घोटाळा झाला. पहिला आराखडा मी काढून दिला होता. त्यात महाराज मधोमध, भरजरी पोशाखात, पानभर मोठे. गंगाराम कोपऱ्यात, अंगरखा फाटलेला, मान खाली, हात जोडलेले. मला चित्र बरे वाटले. सातवीतल्या एका मुलाने हात वर केला आणि विचारले, "सर, ह्यांचं दुकान हाय न्हवं? मग ह्यांनी हात का जोडल्यात? चहा कोण करणार?"

बंधू-भगिनींनो, मी वर्गात गप्प झालो. मी जन्माने याच समाजातला, बावीस प्रतिज्ञा मला तोंडपाठ, आणि तरीही माझ्या हाताने आपला माणूस काढला तो लाचारच काढला. लहानपणापासून पुस्तकांत, सिनेमात आपली माणसे अशीच पाहिली, ती हातात उतरली होती.

मग आम्ही गंगाराम पुन्हा घडवले. मुलांना तीन प्रश्न दिले. या माणसाच्या हातात काय असते? तो सकाळी उठून पहिले काम कोणते करतो? त्याला भीती कशाची वाटते? उत्तरे मुलांनीच दिली. हातात किटली. पहिले काम चूल पेटवणे. भीती ही, की आजही कोणी आले नाही तर दूध फुकट जाईल. त्या क्षणी पात्र उभे राहिले. आता पहिल्या चौकटीत पहाटेचे रिकामे बाकडे आहे आणि गंगाराम पाठमोरे चुलीपाशी आहेत. महाराज चौथ्या चौकटीत येतात, बाकड्यावर बसतात. दोघांची डोकी एका उंचीला आहेत. महाराजांचे मोठेपण त्यामुळे कमी झाले नाही. उलट ते कशात होते हे दिसले. महाराजांच्या निधनानंतर नर्सरी बागेत त्यांचे स्मारक उभारण्यास याच गंगारामांनी पुढाकार घेतला. ज्याच्याकडे ताठ कणा होता, त्यालाच ही कृतज्ञता सुचली.

दुसरा प्रश्न मारणाऱ्याचा. एका मुलाने त्याला शिंगे काढली आणि काळा रंग भरला. मी विचारले, काळाच का? तो म्हणाला, राक्षस काळाच असतो. मी त्याला त्याचा स्वतःचा हात कागदाशेजारी ठेवायला सांगितले. पोरगे हुशार, लगेच खोडरबर मागितले. आता ते पात्र साधे आहे. पागोटे, मिशा, कोणाच्याही शेजारी राहणारा असतो तसा माणूस. जातीयता करणारे राक्षस नसतात, ती आपल्यासारखीच माणसे असतात. म्हणूनच ती बदलू शकतात. तथागतांनी अंगुलिमालाला बदलले, तो माणूस होता म्हणूनच ना?

तिसरा आक्षेप मुलींचा. "सगळे बाप्येच?" त्यांनी गवताचा भारा डोक्यावर घेतलेली एक बाई काढली, जी रोज दुकानावरून जाते आणि शेवटी थांबून चहा मागते. ती बाई इतिहासात नोंदलेली नाही. म्हणून शेवटच्या पानावर स्पष्ट छापले, की हे पात्र कल्पनेतले आहे. हा नियम पाळा. होऊन गेलेल्या माणसाच्या तोंडी मनाला येईल ते घालू नका. कल्पनेचे पात्र घ्या, पण तसे सांगा.

युवकांसाठी कामाच्या चार गोष्टी सांगतो. प्रत्येक पात्राचा एक नमुना-कागद करा: समोरून, बाजूने, पाठमोरे, हसताना, रागावताना. तो भिंतीला लावून काम केले म्हणजे पाचव्या पानावर नाक बदलत नाही. एक खूण ठरवा, किटली, काठी, पदराची गाठ. काळ्या सावलीतही पात्र ओळखू आले पाहिजे. पान झाले की ज्यांच्यावर गोष्ट आहे त्यांना आधी दाखवा. आणि बदलायला लाजू नका. शरद शर्मा यांच्या वर्ल्ड कॉमिक्स इंडियाने खेडोपाडी चार चौकटींच्या भित्तिचित्रकथा करायला लोकांना शिकवले. दोन कागद जोडायचे, झेरॉक्स काढायची, चावडीवर डकवायची. आम्हीही तेच केले. मोठा प्रकाशक असता तर छापलेला गंगाराम कायमचा हात जोडून राहिला असता. झेरॉक्स आपली, म्हणून दुसऱ्या रविवारी तो सरळ उभा राहिला.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला, तेव्हा शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. आपले म्हणणे आपल्याच पत्रातून आले पाहिजे, हे दोघांनाही पटले होते. आपण त्याच कोल्हापुरात बसलो आहोत.

तुमच्या घरात आजी असेल, मिलमधून निवृत्त झालेले आजोबा असतील, धुणीभांडी करून मुलांना शिकवणारी आई असेल. दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्यासमोर वही घेऊन बसा. चित्र पुरे झाले की त्यांना विचारा, "ही तूच आहेस ना?" त्या नाही म्हणाल्या तर खोडा आणि पुन्हा काढा. त्या हसून हो म्हणाल्या की ते पान पुढच्या वर्षी विहाराच्या भिंतीवर लावायला घेऊन या.

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय, जय भीम!