स्टेपनी कुठे गेली?



पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. खेड्यातल्या लहानशा दुकानातही तो टांगलेला असतो. या पुड्याची एक गंमत तुमच्या ध्यानात आली असेल. वर्षे लोटली तरी किंमत पाच रुपयेच राहते, पण पुडा मात्र हळूहळू रोडावत जातो. आतली दोन बिस्किटे केव्हा नाहीशी झाली, हे मुलांना कळते. मोठ्यांना कळत नाही. किंमत वाढवली तर गिऱ्हाईक कुरकुर करते. वजन घटवले तर ते गप्प बसते. व्यापारातली ही फार जुनी युक्ती आहे.

आज मला सांगायचे आहे ते असे की, हीच युक्ती पन्नास लाखांच्या मोटारीतही चालते. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, पन्नास लाखांच्या मोटारीशी आमचा काय संबंध? आम्ही एस.टी.ने जाणारे, फार तर काळी-पिवळीने." शंका रास्त आहे. पण थोडे थांबा. ऑक्टोबर २०१० मध्ये अजिंठ्याचा घाट चढून पलीकडे, औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, तिथल्या उद्योजकांनी आणि व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे १५० मर्सिडीज गाड्या एकदम खरेदी केल्या. सौदा ६५ कोटींचा होता आणि त्याची बातमी देशभर गाजली. अशा गाड्या काही वर्षांनी जुन्या बाजारात येतात, निम्म्याहून कमी किमतीत हात बदलतात आणि मग आपल्याकडच्या लग्नात नवरदेवाची गाडी म्हणून फुलांनी सजून उभ्या राहतात. शिवाय श्रीमंताच्या गाडीत आज जे होते, ते उद्या साध्या गाडीत उतरते. चांगलेही उतरते आणि वाईटही.

नवरदेवाच्या गाडीवरून आठवले. आमच्या नात्यातल्या एका मुलाचे लग्न एरंडोलला होते. वऱ्हाड धुळ्याहून निघाले. एका स्नेह्याची भारी किमतीची मोटार नवरदेवासाठी मागून आणली होती. मुकटी मागे टाकून गाडी पारोळ्याकडे लागली. समोरून मालट्रक आला म्हणून चालकाने गाडी किंचित कडेला घेतली, आणि खडीच्या धारदार दगडाने टायरची बाजू चिरली. चालक उतरला, मागची डिकी उघडली. आत पेढ्यांचे खोके होते, हार होते, आहेराच्या पिशव्या होत्या. चाक नव्हते. तो बिचारा डोक्याला हात लावून म्हणाला, "गाडीमा स्टेपनी नही शे, भाऊ!"

चाकाच्या जागी काय होते? चिकट द्रवाची एक बाटली आणि हवा भरायचा छोटा पंप. ही बाटली अगदीच कुचकामी असते, असे नाही. बाभळीचा काटा किंवा खिळा टायरच्या तळव्यात घुसला, तर तो द्रव आत जाऊन भोक बुजवतो आणि गाडी पुढच्या गावापर्यंत जाते. पण टायर बाजूने फाटला तर तिथे बाटलीचे काही चालत नाही. द्रव आत ओतला की चिरेतून बाहेर येतो. अखेर नवरदेव फेटा सांभाळत सतरंज्यांच्या टेम्पोत चालकाशेजारी बसला आणि मुहूर्त कसाबसा गाठला. सगळे हसले. मीही हसलो. पण रात्री मनात आले, की या जागी दवाखान्यात न्यायचे माणूस असते, तर हसू आले असते का?

आता ही स्टेपनी गेली कशी, ते ऐकण्यासारखे आहे. स्टेपनी हा शब्द आपण इतका आपलासा केला आहे, की तो आपल्याच गॅरेजात जन्मला असे वाटावे. मुळात ते एका रस्त्याचे नाव आहे. ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतात लॅनेली नावाचे गाव आहे. तिथल्या स्टेपनी रस्त्यावर थॉमस आणि वॉल्टर डेव्हिस या भावांचे दुकान होते. त्या काळच्या मोटारींना जादा चाक नसे. टायर फुटला की रस्त्यातच बसून जोडत राहावे लागे. या भावांनी १९०४ च्या सुमारास, फुटलेल्या चाकावर अडकवता येईल असे आऱ्या नसलेले जादा चाक तयार केले. त्याला स्टेपनी म्हणू लागले. पुढे इंग्रज तो शब्द विसरले. आपण मात्र तो जपून ठेवला.

आपल्या देशात ही स्टेपनी गाडीबरोबर असलीच पाहिजे असा नियम होता. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने त्यात बदल केला आणि १ ऑक्टोबर २०२० पासून तो अमलात आला. चालकासह नऊपर्यंत माणसांची आणि साडेतीन टनांपर्यंत वजनाची गाडी असेल, टायर ट्यूबलेस असतील, हवेचा दाब कमी झाल्यास इशारा देणारी सोय असेल आणि पंक्चर काढण्याचा संच दिला असेल, तर स्टेपनीची सक्ती नाही, असे ठरले. म्हणजे चाक काढून घेणे हा काही गुन्हा नाही. ते कायद्यात बसते.

कारखानदाराच्या बाजूनेही थोडा विचार करू या. निवाडा एकतर्फी नको. चाक, जॅक आणि पाना गेला की गाडीचे पंधरा-वीस किलो वजन कमी होते, तेल थोडे कमी जळते आणि सामानाला जागा मिळते. विजेच्या गाडीत तर जागेची फारच ओढाताण असते. ही कारणे खोटी नाहीत. पण त्यांच्याबरोबर आणखी एक कारण असते आणि ते जाहिरातीत छापले जात नाही. उदाहरणादाखल हिशेब करू. एका गाडीमागे तीन हजार रुपये वाचले आणि गाड्या एक लाख विकल्या, तर तीस कोटी रुपये वाचतात. गिऱ्हाइकाला तीन हजारांचा फरक जाणवत नाही. कारखान्याला तीस कोटींचा जाणवतो. सारी काटकसर या एका गुणाकारात आहे.

आणि म्हणूनच कात्री लावताना एक नियम पाळला जातो. दुकानात डोळ्यांत भरते ते कापायचे नाही. दिवे, रंग, आसनाचे चामडे, मोठा चकचकीत पडदा हे सारे राहते. डिकीच्या तळाशी किंवा पत्र्याच्या आत जे असते, ते आधी जाते.

पडद्याची गोष्टही अशीच आहे. पूर्वी पंख्याला बटण, दिव्याला बटण, रेडिओला बटण असे. प्रत्येक बटणाला वेगळा साचा, वेगळी तार आणि बसवणाऱ्याची वेगळी मेहनत लागते. एका काचेच्या पडद्यात ही सगळी बटणे घातली की खर्च वाचतो. गंमत अशी, की ही काटकसर सुधारणा म्हणून विकली गेली! पण बटण हाताने चाचपून सापडते. पडद्याकडे मात्र पाहावे लागते, आणि पडद्याकडे पाहायचे म्हणजे रस्त्यावरून नजर काढायची. लोक कंटाळले, तक्रारी झाल्या. युरोपात गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने ठरवले, की २०२६ पासून पूर्ण गुण हवे असतील तर हॉर्न, वायपर, वळण्याचे दिवे अशा गरजेच्या गोष्टींना खरीखुरी बटणे किंवा दांडे हवेत. फोक्सवॅगन कंपनीच्या रचनाप्रमुखांनी २०२५ मध्ये जाहीर केले, की नव्या गाड्यांत मुख्य बटणे परत येतील. गेलेली वस्तू परत येते ती अशी. गिऱ्हाईक बोलले तर येते.

आणखी एक प्रकार पाहा. बी.एम.डब्ल्यू. कंपनीने काही देशांत आसन गरम करण्याची यंत्रणा गाडीत बसवलेलीच ठेवली, पण ती वापरायची तर दरमहा पैसे भरा, असे सांगितले. २०२२ मध्ये याचा फार गवगवा झाला आणि २०२३ मध्ये कंपनीने हा प्रकार थांबवला. वैशाखात भुसावळच्या उन्हात गाडीत बसणाऱ्याला गरम आसनाची काय मातब्बरी! तिथे ते फुकटच मिळते. पण त्यातले तत्त्व ध्यानात घ्या. विहीर माझी, मोटार माझी, आणि पाणी काढायला दरमहा भाडे दुसऱ्याला!

रेडिओवर बोलतो आहे म्हणून आपल्या घरचाही एक दाखला देतो. विजेवर चालणाऱ्या काही गाड्यांतून मध्यम लहरींचा रेडिओ काढून टाकण्यात आला. विजेच्या मोटारीमुळे रेडिओत खरखर येते. ती थोपवता येते, पण त्याला खर्च पडतो. म्हणून रेडिओच नको! अमेरिकेत शेतकरी आणि आपत्तिनिवारणाचे अधिकारी याविरुद्ध बोलले. वादळात मोबाइलचे मनोरे पडले तरी मध्यम लहरी दूरवर ऐकू येतात, असे त्यांचे म्हणणे होते. फोर्ड कंपनीने २०२३ मध्ये आपला निर्णय मागे घेतला.

इथवर सांगितले ते गैरसोयीचे झाले. आता जिवाचे सांगतो. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्यांच्या मूळ, म्हणजे सर्वांत स्वस्त प्रकारांची चाचणी जाहीर केली. ताशी ६४ किलोमीटर वेगाने गाडी अडथळ्यावर आदळायची आणि आतल्या पुतळ्यांचे काय होते ते पाहायचे, अशी ती चाचणी असते. मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्यांत पुण्याजवळच्या चाकणला बनणारी फोक्सवॅगनची पोलो होती. मग त्याच पोलोचा दोन एअरबॅग असलेला प्रकार तपासला. त्याला चार तारे मिळाले. कारखाना तोच, सांगाडा तोच. फरक कशाचा? धडकेसरशी फुगणाऱ्या कापडी उशांचा. शून्य आणि चार यांच्यामध्ये तेवढेच होते. कंपनीने एअरबॅग नसलेला प्रकार विक्रीतून काढून टाकला. पुढे कायदाही आला. जुलै २०१९ पासून चालकापुढची एअरबॅग सक्तीची झाली, आणि २०२१ मध्ये शेजारच्या आसनापुढचीही.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. २०२० च्या नियमाने एक वस्तू ऐच्छिक झाली. २०१९ आणि २०२१ च्या नियमांनी एक वस्तू सक्तीची झाली. याचा अर्थ असा, की गाडीबरोबर मूळ किमतीत काय मिळावे हे विधिलिखित नाही. ते ठरवले जाते. कारखानदार ठरवतो, सरकार ठरवते, आणि गिऱ्हाईक विचारील तर गिऱ्हाईकही ठरवते.

गिऱ्हाइकाने विचारायचे कसे, हे आम्हा खानदेशी माणसांना कोणी शिकवायला नको. जळगावच्या सराफ बाजारात आपण एक तोळा घ्यायला गेलो, तर काय काय विचारतो? कस किती, हॉलमार्क आहे का, घडणावळ किती, मोडताना किती घट. दागिना चमकतो म्हणून कोणी डोळे मिटून घेत नाही. मोटार घेताना मात्र तोच शहाणा माणूस पडद्याची लांबी-रुंदी पाहून भुलतो.

तेव्हा मोटार नवी घ्या, जुनी घ्या, की लग्नापुरती मागून आणा; तीन प्रश्न जरूर विचारा. पहिला: मागच्या वर्षीच्या गाडीत जे होते, त्यातले यंदा काय नाही? दुसरा: जे नाही, ते माझ्या रस्त्यावर मला लागते का? मुंबईच्या माणसाला हाकेच्या अंतरावर टायरचे दुकान सापडते; पारोळ्याच्या अलीकडे रात्री सापडत नाही. त्याला बाटली पुरेल, आपल्याला चाक लागेल. ते वेगळे विकत घेऊन ठेवता आले तर ठेवा. तिसरा: धडक बसली तर आतल्या माणसाचे काय? एअरबॅग किती, मागच्या तिघांनाही पट्टे आहेत का, आणि चाचणीत तारे किती? ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅप ही चाचणी सुरू झाली आहे, त्यामुळे हा प्रश्न विचारायला संकोच नको. आणि पट्टा असला तरी तो बांधला तरच उपयोगाचा. मागे बसणाऱ्यांनीही बांधावा.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती करतो. मोटारींच्या माहितीपत्रकात एक मोठा तक्ता असतो. एकाच गाडीचे चार-पाच प्रकार आणि कोणत्या प्रकारात काय आहे, याच्या खुणा. असे एखादे पत्रक मिळवून वर्गात फळ्यावर मांडा. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग प्रकारातला फरक मुलांना काढू द्या. शोभेच्या वस्तू कोणत्या, सोयीच्या कोणत्या आणि जीव वाचवणाऱ्या कोणत्या, असे तीन रकाने करायला सांगा. गणिताचा तास होईल आणि व्यवहाराचाही. पत्रक मिळाले नाही तर बिस्किटाचे पुडे आणा. वजन आणि किंमत त्यावर छापलेली असते. दर महिन्याला एक पुडा पाहून वहीत टिपून ठेवायला सांगा. वर्षाअखेर मुलेच तुम्हाला सांगतील, की काय गेले.

आमच्या त्या नवरदेवाने लग्नानंतर जुनी, साधी गाडी घेतली. दाखवायला माझ्याकडे आला. मी बोनेट उघडायला गेलो, तर तो म्हणाला, "काका, आधी डिकी बघा." तळाशी चाक होते. त्याने त्यात हवाही भरून ठेवली होती.