नेपाळयात्रा : जाण्यापूर्वीचा हिशेब

(मंडळाच्या सभासद मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



निमंत्रणपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'राजकीयदृष्ट्या अस्थिर देशातील प्रवास व सुरक्षितता' असा भारदस्त छापला आहे. पण इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की खरा प्रश्न एकच आहे. दिवाळीनंतर मंडळाची पशुपतिनाथ-मुक्तिनाथ यात्रा काढायची की नाही? चाळीस नावे आली आहेत. त्यांतली निम्म्याहून अधिक साठीच्या पुढची आहेत आणि एक भगिनी ८१ वर्षांच्या आहेत. गेल्या महिन्याच्या बैठकीत दोन तट पडले. एक म्हणतो, "काही होत नाही हो, देवाच्या दारी चाललोय." दुसरा म्हणतो, "टीव्हीवर काय पाहिलंत ते विसरलात का?" दोन्ही बाजूंचा आवाज मोठा होता, हिशेब मात्र कुणीच मांडला नाही. माझी सगळी नोकरी सर्वसाधारण विम्याच्या धंद्यात गेली, म्हणून हे काम माझ्याकडे आले असावे.

विम्यात आम्ही "आग लागेल का?" असे विचारत बसत नाही. ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आम्ही विचारतो, लागलीच तर माणसे कुठे असतील आणि दार कुठल्या बाजूला आहे? नेपाळच्या बाबतीतही मला एवढाच प्रश्न विचारावासा वाटतो. हा देश तीन दिवस बंद झाला, तर आपले चाळीस लोक त्या क्षणी कुठे असतील, आणि त्यांच्यातला सर्वांत अशक्त माणूस कसा बाहेर पडेल?

तीन दिवस म्हणतो, त्यालाही कारण आहे. २०२५ साली आपण ६ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीला, गणपती विसर्जन केले. त्याच्या दोन दिवस आधी, ४ सप्टेंबरला, नेपाळ सरकारने फेसबुक, व्हॉट्सॲप, यूट्यूब धरून २६ समाजमाध्यमे बंद करण्याचा आदेश काढला होता. ८ तारखेला तरुण मुले रस्त्यावर आली, संसदेसमोर गोळीबार झाला आणि त्या एका दिवसात १९ जण गेले. रात्री बंदी मागे घेतली, पण वेळ निघून गेली होती. ९ तारखेला पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिला. संसद, सिंहदरबार, सर्वोच्च न्यायालय यांना आगी लागल्या, तुरुंगांतून हजारो कैदी पळाले, विमानतळ बंद झाला. रात्री सैन्याने ताबा घेतला. १० तारखेच्या संध्याकाळी विमानतळ पुन्हा उघडला आणि १२ तारखेला सुशीला कार्की यांचा अंतरिम पंतप्रधान म्हणून शपथविधी झाला. एकूण बळींचा आकडा सत्तरच्या वर गेला. म्हणजे आदेशापासून आगीपर्यंत पाच दिवस, आणि गोळीबारापासून सरकार कोसळेपर्यंत जेमतेम एक दिवस! ७ तारखेला तिथे उतरलेल्या माणसाने कितीही वर्तमानपत्रे वाचली असती, तरी ९ तारखेचे चित्र त्याला दिसले नसते.

हे काही पहिल्यांदा झालेले नाही. डिसेंबर २००० मध्ये हृतिक रोशन नेपाळविरुद्ध बोलला अशी अफवा उठली. तसे बोलल्याचा पुरावा कधीच मिळाला नाही, तरी काठमांडूत दंगल झाली, भारतीयांच्या दुकानांवर हल्ले झाले, माणसे मेली. ऑगस्ट २००४ च्या अखेरीस इराकमध्ये बारा नेपाळी कामगारांची हत्या झाली आणि संचारबंदी लागली काठमांडूत. २०१५ च्या सप्टेंबरात नवी राज्यघटना आली, तराईत आंदोलन पेटले, सीमेवर नाकेबंदी झाली, आणि पुढचे चार-पाच महिने पेट्रोल आणि गॅसची टंचाई. कारणे पाहा, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. म्हणून कारण ओळखण्याच्या नादाला मी लागत नाही. परिणाम मात्र दर वेळी सारखा असतो : रस्ता बंद, दुकान बंद, फोन बंद. प्रवाशावर कुणी मुद्दाम चालून येते असे क्वचितच घडते. प्रवासी अडकतो. आणि अडकलेल्या साठीच्या माणसाचा पहिला शत्रू दंगलखोर नसून संपलेली रक्तदाबाची गोळी असते.

आता थोडे कटू बोलतो. आपण राजकारणाला घाबरतो आहोत, पण नेपाळात रस्ता जास्त माणसे खातो. २३ ऑगस्ट २०२४ रोजी पोखऱ्याहून काठमांडूला निघालेली गोरखपूरची बस तनहूं जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. पंचवीसहून अधिक माणसे गेली, आणि त्यांतले यात्रेकरू आपल्या जळगाव जिल्ह्याकडचे होते. त्याच्या आदल्या महिन्यात दरड कोसळून दोन बस त्रिशूलीत वाहून गेल्या होत्या. मुक्तिनाथला जाताना पोखरा-जोमसोम विमान घेतात, त्या मार्गावर २९ मे २०२२ ला पडलेल्या विमानात ठाण्याचे एका घरातले चौघे होते. यांतल्या एकाही घटनेत मोर्चा नव्हता की गोळीबार. तेव्हा टीव्हीवर जे दिसते तेवढ्यावरून धोक्याचा क्रम लावू नका. माझ्या मते आपल्या यात्रेतला पहिला धोका रस्ता, दुसरा उंची आणि आजारपण, आणि बंद-आंदोलन तिसरे. फरक इतकाच की हे तिसरे आले की पहिल्या दोघांवरचा इलाज हातातून जातो. रुग्णवाहिका अडते, औषधाचे दुकान उघडत नाही.

यावरून काही गोष्टी आपोआप ठरतात. पावसाळ्यात जायचे नाही. सप्टेंबरअखेरही नाही, कारण २०२४ च्या सप्टेंबरअखेरच्या पुरात तिथे दोनशेहून अधिक माणसे गेली. रात्रीचा बसप्रवास नाही, मग एक मुक्काम वाढला तरी चालेल. काहींची सूचना आहे की लखनौहून आपलीच बस थेट काठमांडूपर्यंत न्यावी, सामान उतरवायला नको. मला ते पसंत नाही. सोनौलीला उतरावे, पलीकडे नेपाळी बस आणि त्या घाटाचा सराव असलेला चालक घ्यावा. सप्टेंबर २०२५ च्या गोंधळात पशुपतिनाथाहून परतणाऱ्या भारतीय यात्रेकरूंच्या एका बसवर दगडफेक होऊन सामान लुटल्याच्या बातम्या आल्या होत्या. अशा वेळी आपली नंबरप्लेट दुरूनच सांगते की आत कोण आहे.

मुक्कामाबद्दल. मोठे हॉटेल म्हणजे सुरक्षित, ही समजूत काठमांडूत खोटी ठरली. तिथले हिल्टन जळाले. आणखी एका मोठ्या हॉटेलला आग लावली गेली, तेव्हा वरच्या मजल्यावरून उतरण्याच्या प्रयत्नात एक भारतीय महिला दगावली. संतापलेला जमाव श्रीमंतीच्या खुणा शोधतो, धर्मशाळा शोधत नाही. आपल्याला साधी जागा हवी, दुसऱ्या मजल्याच्या वर नको, दोन जिने असलेली हवी, आणि पशुपतिनाथाच्या जवळ गौशाळा भागात हवी. देवळाजवळ म्हणून हवीच, पण विमानतळ त्या भागाला अगदी लागून आहे म्हणून अधिक हवी. शहराच्या मध्यातून विमानतळाकडे जाणारा मुख्य रस्ता नया बानेश्वरवरून, म्हणजे २०२५ मध्ये आग लागलेल्या संसद भवनासमोरूनच जातो. काही झाले की पहिल्यांदा तोच अडतो. गौशाळ्याहून वेळ पडली तर चालत विमानतळ गाठता येतो.

आता कागदपत्रे. इथे मात्र कान देऊन ऐका. नेपाळला व्हिसा लागत नाही आणि सोनौलीच्या नाक्यावरून पायी जाताना फारसे कुणी विचारत नाही. म्हणून पुष्कळ जण खिशात नुसते आधार कार्ड टाकून निघतात. जातानाचे ठीक आहे. पण घाट बंद झाला आणि विमान हे एकच दार उरले, तर? विमानाला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र लागते. पासष्टच्या वरच्यांना आणि पंधराच्या आतल्यांना सवलत आहे, मधल्यांचे आधार तिथे चालत नाही. म्हणजे ८१ वर्षांच्या काकू विमानात बसतील आणि त्यांना सांभाळायला आलेली पन्नाशीची सून खाली राहील! ही कागदपत्रे प्रत्येकाजवळ हवीत, बसने जाणार असलो तरीही.

विम्याचे माझे आवडते प्रकरण थोडक्यात आटोपतो, नाहीतर घंटा वाजेल. पॉलिसी घ्या, पण पुस्तिकेतली 'हे वगळले आहे' ही पाने आधी वाचा. दंगल, बंद, सरकारी बंदी यांमुळे झालेला खर्च पुष्कळ पॉलिसींत नसतो किंवा अर्धवट असतो. गडबड सुरू झाल्यावर घेतलेली पॉलिसी त्या गडबडीसाठी सहसा उपयोगी पडत नाही. म्हणून तिकिटाच्या दिवशीच घ्या, निघण्याच्या आदल्या दिवशी नको. काहींत उंचीची मर्यादा असते आणि मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या आसपास आहे. मधुमेह, हृदयविकार लपवू नका. एजंट "लिहायची गरज नाही" म्हणाला, तरी लिहाच. दाव्याच्या वेळी तो समोर नसतो, कागद असतो.

बातम्यांचे काय? आपल्याला एक सोय आहे, जी इंग्रजाला नाही. नेपाळी देवनागरीत लिहितात. निघण्याआधी पंधरा दिवस 'कान्तिपुर' उघडून मथळे चाळत जा. चार शब्द पुरतात. 'बन्द' आणि 'चक्काजाम' आपलेच आहेत, 'निषेधाज्ञा' म्हणजे जमावबंदी, आणि 'पहिरो' म्हणजे दरड. एका मथळ्याने घाबरायचे नाही. पण काठमांडू आणि आपल्या वाटेवरची गावे एकाच आठवड्यात दोन-तीनदा दिसली, तर थांबायचे. परराष्ट्र मंत्रालयाने 'प्रवास पुढे ढकला' म्हटले, तर चर्चा नको. निवडणुकीच्या तारखाही पाहा. मतदानाआधी दोन-तीन दिवस सीमा बंद ठेवतात आणि मतदानाच्या दिवशी तिथे वाहनांना बंदी असते.

फोनची योजना व्हॉट्सॲपवर रचू नका. २०२५ च्या त्या यादीत ते होतेच. नेपाळी सिमकार्डे चार-पाच जणांकडे असावीत, रोज रात्री आठला इथे चिटणीसांना साधा फोन, आणि काठमांडूतल्या लैनचौरच्या आपल्या दूतावासाचा क्रमांक प्रत्येकाच्या खिशात कागदावर. औषधे परतीच्या तारखेपुढे सात दिवसांची, आणि तीही हातातल्या पिशवीत. तीन दिवस पुरतील एवढे नेपाळी रुपये रोख. शंभर भारतीय रुपयांना तिकडचे एकशे साठ मिळतात.

एक गोष्ट राहिली आणि ती सर्वांत अवघड आहे. माघारी फिरायचे, हे कोण ठरवणार? चाळीस जणांत मतदान घेतले तर निम्मे म्हणतील, "एवढे आलोच आहोत, दर्शन तेवढे घेऊ." म्हणून माझी सूचना अशी की वीस-वीसच्या दोन तुकड्या कराव्यात आणि प्रत्येक तुकडीत तिघांना आधीच अधिकार द्यावा. त्यांतला एक डॉक्टर असावा. तिघांपैकी कुणीही एकाने 'फिरा' म्हटले की फिरायचे. बहुमत नको. आणि मंडळाने बाकीचे पैसे परत मिळतील की नाही हे आत्ताच लेखी सांगावे, कारण पैसे बुडणार असतील तर माणसाला धोका लहान दिसू लागतो.

माझे मत विचाराल तर, जावे. पावसाळा संपल्यावर, कार्तिकात. पशुपतिनाथाला सर्वांनी, मुक्तिनाथला मात्र डॉक्टरांनी हो म्हटलेल्यांनीच. ८१ वर्षांच्या भगिनींशी मी बोललो आहे. त्या पोखऱ्याला थांबायला तयार आहेत, फक्त त्यांना सोबत कोण थांबणार, ते नाव अजून आलेले नाही. ते आज आले तर बरे होईल. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्राच्या प्रती चिटणीसांच्या टेबलावर द्यायच्या आहेत.